जंतुमुक्त लॉन्स

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन बीड बायपासलगतच्या एका कपाशीच्या रानात मातीचे नमुने घ्यायला जायचे. रानमालक हौशी. चहा पाजायचा आणि पोराचे मार्क विचारावेत तसं विचारायचा, "आमच्या मातीत काय निघालं?"

मग एका वर्षी त्या रानावर रोलर फिरला. मातीवर मुरूम, मुरमावर विकतचं गवत, मधोमध कारंजं आणि रस्त्याला कमान. रानमालक लग्नाच्या लॉन्सचा मालक झाला. नमुने मात्र त्यानं आनंदानं घेऊ दिले आणि निकाल बघायला स्वतः प्रयोगशाळेत आला.

मी त्याच्यापुढं काचेच्या दोन बशा ठेवल्या. शेजारच्या, अजून पेरत्या रानातल्या मातीची बशी जत्रेसारखी भरली होती: पांढरे, पिवळे, केशरी, खडूच्या भुकटीसारखे ठिपके. लॉन्सच्या बशीत तेच ते दोन-तीन चिकट प्रकार, बाकी मैदान मोकळं.

"हे ठिपके म्हंजी जंतूच ना?"

"हो."

"मग आमच्यात कमी झाले."

"फार कमी. कितीतरी प्रकार गेलेच. मुरूम टाकला, माती दाबली, वर डासांची फवारणी."

"म्हंजी जागा साफ झाली की, मॅडम."

मी त्याला पुष्कळ समजावलं. हे जंतू पालापाचोळा कुजवतात, मुळांना अन्न पोचवतात, ओल्या मातीचा वाससुद्धा त्यांचाच. तो आदरानं मान हलवत राहिला. करोना नुकताच ओसरला होता. जंतू म्हटलं की लोक हात धुवायला उठत.

लवकरच कमानीखाली फलक लागला: 'कॉलेजच्या तज्ज्ञ मॅडमनी तपासलेलं जंतुमुक्त लॉन्स'. प्राचार्यांनी बोलावणं धाडलं. मी खुलासा पाठ करून गेले. ते म्हणाले, "मुलीचं लग्न काढलंय. तुमच्या ओळखीनं तिथं तारीख मिळेल का?"

मिळाली. लग्नात सगळीकडं हिरवा गालिचा अंथरलेला होता, कारण खालचं गवत पिवळं पडलं होतं. जेवणं चालू असताना मालकानं मला बाजूला घेतलं.

"गवत धरंना, मॅडम. लई औषधं मारली. आता तुम्हीच काहीतरी सांगा."

"औषधं थांबवा. मातीत जंतू घाला."

"हळू बोला. वऱ्हाड जेवायलंय."

पण त्यानं ऐकलं. त्याचा धाकटा भाऊ खुलताबादच्या वाटेवर शेती करतो. त्याच्या रानातली शेणखताची काळी माती दोन ट्रॉल्या भरून आली, मुरूम उकरून गवताखाली पसरली गेली. पाहुण्यांना सांगितलं, मेडिकेटेड माती आहे. गवतानं हळूहळू जीव धरला. मी नमुना घेतला तेव्हा बशीत चार नवे रंग दिसले. ही आनंदाची बातमी मी त्याला सांगितली नाही. फलक नुकताच नव्यानं रंगवला होता.

विद्यार्थ्यांना आता मी त्या भावाच्या रानात नेते. माती मऊ, मूठ भरली की वास येतो. मागच्या खेपेला भावानंही चहा दिला. पोरं पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तो माझ्याशेजारी बांधावर बसला आणि जरा संकोचून म्हणाला, "मॅडम, इकडून मोठा रस्ता निघणार म्हणतेत. दादासारखी आपली जागा साफ व्हायला किती दिवस लागतेन?"