काळूरामने कमी करून घेतलेला हप्ता

आमच्या वळ गावात काळूरामइतकी घासाघीस करणारा दुसरा माणूस नव्हता. बाजारातली मासळी, आमचं मावरं, घ्यायचं असो की घरावरचे पत्रे, समोरच्याने भाव सांगितला की हा आधी हसायचा आणि मग थेट निम्म्यावर यायचा. आपलं लग्नसुद्धा याने कमी करूनच घेतलं असेल, असं त्याची बायको कमळा म्हणायची.

काही वर्षं तो गोदामाच्या गेटवर दंडुका घेऊन उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘साहेब, साहेब’ करून जीव विटला, तेव्हा पिवळ्या नंबरपाटीची, भाड्याने चालवायची जुनी गाडी घेतली आणि गोदामांतल्या अधिकाऱ्यांची ने-आण सुरू केली. पुन्हा कुणासाठी गेट उघडायचं नाही, एवढंच त्याचं आयुष्याकडे मागणं होतं. तेवढंही जड झालं.

गाडीचा विमा कमळाच्या मामेभावाकडे, रामनाथकडे. घरचा माणूस असताना दुसऱ्या एजंटला दर विचारला तर सोयऱ्याचा अपमान होतो, अशी आमच्याकडची रीत. डोंबलाची रीत. मग काळूराम दर वर्षी एकट्या रामनाथलाच गाठायचा.

“रामनाथ, कमी कर.”

“दाजी, माज्या हातात काय न्हाय.”

“घरच्या मानसाला पन न्हाय? कर कमी.”

आणि रामनाथ करायचा. कसा, ते याने कधी विचारलं नाही. विम्याचा हप्ता म्हणजे बाजारातला पापलेटचा वाटा नव्हे. गाडी किती जुनी, भाड्याने चालते की घरची, आधी भरपाई मागितली होती का, आणि गाडीची किंमत किती धरली, यावर तो ठरतो. यातली किंमत सोडली तर बाकीचं काही हलत नाही. म्हणून रामनाथ दर वर्षी कागदावर गाडीची किंमत खाली आणायचा, आणि हा फक्त हप्ता बघून मिशीत हसायचा.

यंदा होळीच्या सुमाराला एका गोदामाच्या आवारात गाडी लावून काळूराम चहाला गेला. शेजारच्या गाळ्यातल्या रसायनाच्या पिंपांनी पेट घेतला. हा वाचला, गाडीचा सांगाडा उरला. विमा कंपनीचा माणूस बघायला आला. भला माणूस होता. गाडी पूर्ण गेलीय, भरपाईही पूर्ण मिळेल म्हणाला, आणि त्याने आकडा सांगितला. त्यात तशी जेमतेम निम्मी गाडी येत होती.

“गाडी याच्या दुपटीची होती,” काळूराम म्हणाला.

“पण काका, किंमत तुम्हीच एवढी मान्य केलीय.”

“मी किंमत न्हाय सांगितली. मी फक्त कमी कर म्हटलं.”

मला ते आठवलं की अजून संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. रामनाथने तरी मागितलं तेच दिलं होतं.

महिन्याभरात काळूराम पुन्हा गेटवर उभा राहिला. त्याच आठवड्यातल्या रविवारी त्याच्या मुलीने, क्षितिजाने, न राहवून मोबाइलवर त्याच गाडीची माहिती भरली आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे दर काढले. मी शेजारीच राहतो, तेव्हा तिथेच बसलो होतो. एका कंपनीचा हप्ता रामनाथच्यापेक्षा थोडा वर होता, दुसरीचा जवळजवळ तेवढाच. तिसरीचा तर कमी. याने इतकी वर्षं कधी भरपाई मागितली नव्हती, त्याची सूट या सगळ्यांनी धरली होती, रामनाथने धरलीच नव्हती.

“आणि हे सगळे पूर्ण किमतीला, बाबा,” ती म्हणाली.

“बंद कर ते,” कमळा आतून ओरडली. “गाडी गेली, आता कनाला बघता, काय उपेग?”

“बघू दे,” काळूराम म्हणाला. “अजून एक काढ.”

तिने काढला. त्याने अजून एक मागितला, मग अजून एक.

“बाबा, पुरे ना.”

“सांग तर, अजून किती ठिकानी मला माजी गाडी परत मिळाली असती?”

क्षितिजाने मोबाइल पालथा ठेवला आणि ती रडायला लागली. तो उत्तराची वाट बघत बसून राहिला.