ओढणीखालचा सौदा

गाडीला लिंबू-मिरची लटकलेली दिसली की मी आधी ती तोडून फेकतो आणि मग इंजिन ऐकतो. नाशिकला द्वारकाजवळ माझा जुन्या पिकअप-टेम्पोंच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. त्याआधी येवल्याच्या घोडेबाजारात दलाली केली, आजही जमेल तेव्हा जातो. घोड्याचे दात बघायचे, गाडीचा धूर बघायचा. जे डोळ्यांना दिसतं त्यावरच भाव. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचो आणि मनात म्हणायचो, काय थापा मारतात लेकाचे... आता स्वतःच लिहायला बसलोय. नावं बदलली आहेत. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल सोडून द्यावं, पण "काका, किती घेतली होती?" असं खाली विचारू नका. मी घेत नाही.

आधी घोडेबाजाराची एक पद्धत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती अख्खा बाजार उभा असतो, पण काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. रफिक तिथे घोडे आणायचा. येवल्याचाच. घरात पैठणीचे माग, पण याचा जीव जनावरांत. आमची ओळख रुमालाखाली झाली... आणि वाढलीही तिथेच. भर दिवसा दोन पुरुषांनी एवढा वेळ हात धरून उभं राहायचं आणि कुणी वळूनही बघायचं नाही — अशी दुसरी जागा आमच्याकडे नव्हती. मी गे आहे हे लिहितानाही बोट अडखळतंय. तेव्हा तर तो शब्दसुद्धा आमच्याजवळ नव्हता.

आकड्यांबरोबर आमच्या दोघांच्या खुणा ठरत गेल्या. रुमालात हात घातला की रफिक आधी माझं मनगट दाबायचा, नाडी बघितल्यासारखं. म्हणजे 'मी आलोय'. पहिलं बोट पिळलं की 'आज नको'. आणि तळव्यावर अंगठा गोल फिरवून मूठ आवळली की 'मंजूर'. या खुणा तिसऱ्या कुणाला माहीत असण्याचं कारणच नाही.

गेल्या हिवाळ्यात मी नाशिकला फ्लॅट घेतला. स्वतःच्या कमाईचा, कुणाचं ऐकून घ्यायचं नाही असा. त्यानंतरच्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, कडेला उभं राहून रफिकला म्हटलं, "आता पुरे झालं हे लपणं. गोव्याला जाऊ, उघड्यावर हात धरून हिंडू. आणि आल्यावर माझ्याकडेच राहा."

"लय घाई तुला, शेठ," तो हसला. "नव्या घोड्यावर पण कुणी अशी उडी मारून बसत नाय."

"हो की नाही ते सांग."

"तोंडानं? भाव कधी कुणी तोंडानं सांगतं का?"

मी रुमाल टाकला. त्याने मनगट दाबलं. मग माझं पहिलं बोट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. पिळलं नाही, सोडलंही नाही. तेवढ्यात त्याच्या भावाने हाक मारली आणि त्याने हात काढून घेतला.

बाजारात नाही म्हणता येतं, शिव्याही घालता येतात. पण उत्तर न देता हात काढून घेणं हा अपमान. माझं डोकं फिरलं. "पुढच्या मंगळवारी देतो की उत्तर!" तो चालता चालता ओरडला.

पुढच्या मंगळवारी चहावाला म्हणाला, "शेठ, तुम्हाला कळलं नाय? रफिकभाई गेले. झोपेतच. कबरस्तानात मिट्टी पण झाली."

त्याच्या घरी गेलो. भावाने आदराने खुर्ची दिली. "बसा शेठ. भाईजान तुमचं नाव घ्यायचे नेहमी. धंद्यात असा सरळ माणूस नाय म्हणायचे." चहा आला. आतून रडण्याचा आवाज येत होता. मी धंद्यातला माणूस. धंद्यातला माणूस चहा पितो आणि उठतो. तसा मी उठलो.

गोव्याचं दोघांचं बुकिंग मी आधीच करून ठेवलं होतं, ते रद्द केलं नाही. का, ते सांगता येत नाही. एरवी मी रिफंड सोडणारा माणूस नाही. द्वारकावरून ट्रॅव्हल्सची बस घेतली, शेजारची जागा रिकामीच राहावी म्हणून क्लीनरशी भांडलो.

उत्तर गोव्यात समुद्रकाठी एक जुनं गाव आहे. वर पोर्तुगीजांचा किल्ला, खाली निळी-पिवळी घरं, आणि चर्चच्या मागच्या गल्लीत एक बार. नाव देत नाही. आमच्यासारख्यांना तिथे निवांत बसता येतं, ते बिघडायला नको. शनिवारी सूर्य बुडायच्या आधीच तिथे पार्टी सुरू होते. पुण्या-बंगळूरची पोरं एकमेकांच्या कमरेत हात घालून उभी. दोन मुली डोक्याला डोकं लावून नाचत होत्या. एक म्हातारा परदेशी दुसऱ्याला माशाचे काटे काढून देत होता. कुणालाच कसलं भय नाही. मला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल. ताट बाजूला सारलं.

"अंकल, ही चेअर घेऊ का?" वेटरने विचारलं.

"हात लावायचा नाही!"

"कोणी येणार आहे?"

"टेबल दोघांचं बुक केलंय. तू तुझं काम कर."

आवाज जरा जास्तच चढला. सगळे बघायला लागले. तेव्हा तिथे नाचणारी रेश्मा, घागरा-ओढणी आणि पुरुषी खांदे, ठुमकत माझ्याकडे आली.

"काय काका, कोणावर तापले एवढे?"

मराठी ऐकून मी चमकलो. "कुठली गं तू?"

"मालेगावनी शे! तुम्ही?"

"नाशिक."

"अरे, मग शेजारीच की! अन् इतक्या लांब येऊन एकलेच?"

"येणार होता एक जण."

"मग येईल ना. जरा धीर धरा, डोकं थंड ठेवा." असं म्हणून तिने खांद्यावरची जरीची ओढणी फेकली. ती टेबलावर पडली, माझ्या हातावर. रेश्मा पाठ फिरवून माइककडे गेली.

ओढणीखाली कुणीतरी माझं मनगट दाबलं.

नाडी बघितल्यासारखं.

मी हललो नाही. समोरची खुर्ची रिकामी होती. उन्हं तिरपी आली होती, सगळं लख्ख दिसत होतं. रेश्मा लांब, दोन्ही हात वर करून गात होती. आणि माझ्यासमोर ओढणी पलीकडच्या बाजूने उचललेली होती, आत हात असावा तेवढी.

भीती वाटली का, तर नाही. राग आला. मी पहिलं बोट पुढे केलं, तेच, जे धरून त्याने सोडलं नव्हतं. बोल. हो की नाही?

बोट धरलं गेलं. बराच वेळ. आता पिळणार, 'आज नको' म्हणणार, असं वाटलं... मग बोट सुटलं. तळव्यावर अंगठा फिरला, गोल, सावकाश. मूठ आवळली गेली. लगाम धरून धरून पडलेले घट्टे मला टोचले.

मग ओढणी खाली बसली. उचलून बघितली, तर नुसतं टेबल आणि माझा हात.

नाच संपवून रेश्मा ओढणी न्यायला आली. माझं तोंड बघून थबकली. "आला का तुमचा माणूस?"

"आला. गेला."

"अरे, असा कसा गेला?"

मी ओढणीची घडी करून तिच्या हातात दिली.

नाशिकला आल्यावर डॉक्टरांना हात दाखवला. म्हणाले, नस दबली असेल. नस दबली की मुंग्या येतात डॉक्टर, उत्तर येत नाही, हे ओठांवर आलं होतं. फी देऊन निघालो. रेश्माला येवल्याचा बाजार माहीत असेल असं धरलं, तरी ती लांब उभी होती. आणि आमच्या खुणा तिला कोण सांगणार? सगळ्या बाजूंनी घासाघीस करून बघितली, हिशोब लागत नाही.

आधी माझी तक्रार होती की त्याने उत्तर दिलं नाही. आता दिलंय. पण बाजाराचा नियम असा, की मंजूर झालं की घोडं त्याच दिवशी दाव्यासकट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. मंजूर म्हणून आपण निघून जायचं, हा कुठला व्यवहार, रफिक?

फ्लॅटची दुसरी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला आहे. भाडेकरू ठेवा, एवढ्या जागेत एकटे काय करता, असं सगळे सांगतात. मी सांगतो, जागा दिलेली आहे.