पुनवेची गोळी

आईला नागपूरला आणलं तेव्हा मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं मला. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्या औषधपाण्याकडे बघायची ती तिथली आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य स्वयंसेविका. खांद्याला पिशवी, पायात झिजलेली चप्पल. इथे शहरात, सदर भागात, साखरेचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, गुडघ्यांचा वेगळा. मी तीन फायली केल्या, तिन्हींना वेगवेगळ्या रंगांची कव्हरं घातली. एक ना धड भाराभर चिंध्या, पण तेव्हा त्या कव्हरांचा केवढा अभिमान होता!

आईचा हट्ट एकच होता. "संत्रं तोडाच्या टायमाले मले घरी नेऊन घाल वं." गुडघे चालू लागले की नेते, असं मी कबूल केलं होतं.

जरीपटक्यातल्या माझ्या घरी मी तिला गोळ्यांची डबी आणून दिली, सात वारांचे सात कप्पे, सकाळ-संध्याकाळचे वेगळे. दर रविवारी मी ती भरायचे. आईला वाचता येत नव्हतं, पण महिन्यातली एखादी संध्याकाळ सोडली तर कप्पा रिकामा करायला ती कधी विसरली नाही. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाचं ऐकायचं, हे तिच्या पिढीच्या हाडात भिनलेलं होतं. साखरेचे डॉक्टर दरवेळी विचारायचे, "गोळ्या वेळेवर घेता ना?" आम्ही दोघी मान हलवायचो. कोणत्या दिवशी जेवत नाही, हे तिन्ही दवाखान्यांत कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. उपासाचा आणि फायलीचा काय संबंध, असं मला वाटायचं.

वर्षावासातली, ऐन पावसाळ्यातली पुनव होती. आईने पांढरं लुगडं नेसून उपासाचं अष्टशील घेतलं होतं. दुपारी बाराच्या आत जेवायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाचा कण नाही. वर्षानुवर्षांचा नेम. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती बुद्धाच्या तसबिरीपुढे वंदनेला बसली होती आणि तिचा मोबाइल वाजला. आशाताईंचा फोन. मला राग आला. तीन-तीन डॉक्टर असताना या गावाकडून काय सांगणार? मी फोन कापला.

वंदना झाल्यावर आईने विचारलं, "ताईचा फोन आल्ता का वं?"

"नाही," मी म्हणाले.

तिने डबीकडे पाहिलं. "मंग घ्याची असन," म्हणाली आणि संध्याकाळचा कप्पा रिकामा केला. उपासाच्या नेमाप्रमाणे खाली चटईवर लवकर आडवी झाली. थकली असेल म्हणून मी दार लोटून घेतलं.

सकाळी ती हाकेला ओ देईना. लुगडं घामाने ओलं होतं. दवाखान्यात तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "काल रात्री जेवल्या होत्या का?" उपाशीपोटी गोळी गेली, रात्रभर साखर उतरत राहिली आणि मेंदूला मार बसला, असं त्याने समजावलं. तीन फायली माझ्या मांडीवर होत्या.

आशाताई दुसऱ्याच दिवशी एसटीने आल्या. आईचा हात हातात घेऊन रडल्या. "पुनवेले मी काकूले फोन करतोच. जेवणच नाही तं सांजची गोळी कायची? काकू माया फोनची वाट पाह्यते. त्या दिवशी कट झाला, मले वाटलं वंदनेत असन. मी पुन्हा लावाले पाहिजे होता. माईच चूक झाली." मी त्यांच्यासाठी चहा आणायला उठले.

आईचा जीव वाचला, बोलणं गेलं. संत्र्याची तोडणी तिच्यावाचून झाली. ताईंनी पिशवीभर फळं पाठवली, ती तिने नुसती हातात धरून ठेवली.

आता पुनवेला पाच वाजता ताईंचा फोन माझ्या मोबाइलवर येतो. पहिल्याच घंटीला उचलते. "काकू जेवली का?" हो, जेवली. आईला आता पुनव कळत नाही, उपास राहिला नाही. संध्याकाळी मी तिला मऊ भात भरवते. तो फोन मी कापला होता, हे ताईंना सांगायची हिंमत अजून झाली नाही. आईला मात्र रोज सांगते. ती ऐकते आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडते.