न येणारं काम

नागपूरच्या आमच्या रेल्वे ऑफिसात कॉम्प्युटरचे ऑब्जेक्टवाले प्रोग्राम एक सहकारी बाई एकटीच लिहायची, एसीच्या खोलीत, भर मे महिन्यात स्वेटर घालून. ऑब्जेक्ट म्हणजे प्रोग्रामातला ठरावीक कामच येणारा एकेक तुकडा. मालगाडीच्या वॅगन मोजणाऱ्या ऑब्जेक्टला कुणी कर्मचाऱ्यांची हजेरी लावायला सांगितली, की प्रोग्राम थांबून पडद्यावर कळवायचा, ‘हे काम मला येत नाही.’ साहेबांना ते खटकायचं.

“प्रोग्राम गुपचूप पुढे जाऊ द्या ना, मॅडम.”

“काहून? मंग चूक कुठं झाली, ते कोण सांगन?” ती मान न वळवता विचारायची.

एकदा मुंबईचे पाहुणे तिचं काम बघायला आले. साहेब म्हणाले, “मॅडम, जरा चहा करून आणा.”

कीबोर्डवरची बोटं थांबली. “साहेब, हे काम मले येत नाही.”

शेवटी साहेब स्वतःच टपरीकडे निघाले.

“माझ्यात साखर कमी,” ती मागून म्हणाली.