ठमीमावशीनं विलायतेत लावलेला कौल

आमच्या थळच्या कोळीवाड्यात विलायत पाहून आलेलं माणूस एकच, माझी ठमीमावशी. माझ्या आईची, केसरची, पाठची बहीण. तिनं जे सांगितलं ते आम्ही पोरींनी तोंडाचा आ करून ऐकलं, आणि त्यातलं किती खरं हे विचारायची आमची छाती झाली नाही. आता विचारायला ती नाही. मी आपली सगळंच खरं धरून लिहिते.

मावशीचा नवरा चंदर तुफानात होडीसकट गेला तेव्हा ती विशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. मग डोक्यावर पाटी घेऊन ती किहीमपर्यंत मासळी विकत फिरायची. त्याच सुमाराला मिठाच्या खात्यातला मॉर्टन साहेब किहीमला बंगल्यात राहायला आला. नव्या बिऱ्हाडाला आमच्यात पहिल्या दिवशी ताटभर मासळी द्यायची रीत. ते ताट रिकामं परत करायचं नसतं. घरात काही नसलं तर चिमूटभर मीठ तरी घालतात. ताट भरून आलं की ते घर आपलं. रिकामं आलं की ते नुसतं गिऱ्हाईक.

मावशीनं मडमेपुढं पापलेटं ठेवली. मडमेला या रीतीचं काय ठाऊक! पण नवखी, घाबरलेली बाई. तिनं आपल्या डब्यातली बिस्किटं ताटात ओतली आणि ताट परत दिलं. मावशी घरी येऊन माझ्या आईला म्हणाली, "ताय, मडमीन आपली हाय." झालं. पुढं मडमेला मुलगी झाली, एल्सी, तेव्हा मावशी आया म्हणून बंगल्यावर राहायलाच गेली.

एल्सी मावशीच्या मांडीवर वाढली. बोंबलाची चटणी खाई, आमच्याबरोबर वाळूत लोळे आणि आईबापापेक्षा मावशीचीच भाषा फाडफाड बोले. सन एकतीसच्या सुमाराला साहेबाला पेन्शन झाली. विलायतेला परत जायचं ठरलं. एल्सीनं मावशीचं लुगडं धरलं ते सोडीना. तेव्हा साहेब म्हणाला, "ठमी, तू पण चल. तिकडं आम्ही गाव पसंत करू, घर घेऊ, बेबी रुळली की तुला बोटीत बसवून देऊ."

कोळीवाड्यात ही बातमी फुटली. हरेश्वरमामा म्हणाला, "काय गं ठमे, विलायतेला सुकट विकाया चाललीस?"

"व्हय," मावशी म्हणाली. "तुझं बोंबील हितं कोन घेत न्हाय, तिकडं तरी खपतात का बघते."

आणि खरंच तिनं पेटीत सुक्या बोंबलांचा डबा भरला. त्यावर लाल फडक्यात गुंडाळून देवीचा चांदीचा टाक ठेवला.

आगबोटीचं ती सांगे, "आपला अख्खा कोळीवाडा देवळासकट तिच्या पोटात मावंल आनि वर होड्या वढायला जागा उरंल." विलायतेच्या उन्हाळ्याचं सांगे, की रात्रीची जेवणं उरकली, भांडी घासून झाली, तरी बाहेर उजेड. सूर्याला घरी जायची आठवणच नाही. "तिकडचा देव कंदील मालवायला इसरतो," म्हणे.

साहेबाला एक गाव हवं, मडमेला दुसरं. मावशीला मात्र एकच घोर. गाव ठरलं की ती परत येणार, आणि पोर मागं राहणार. पोरीचा बाप पुस्तकात, आई दुखण्याची. मग ही पोर कुणाच्या ओटीत घालून यायची? आपल्याकडं गावाला राखणदार असतो, पोर चुकलं तर हात धरून आणतो. इथला राखणदार कोण?

पहिल्यांदा चेल्टनहॅम पाहिलं. साहेबाच्या पसंतीचं. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, घरं दुधानं धुतल्यासारखी पांढरी. हिंदुस्थानातून परतलेले साहेबलोक तिथं बरेच. चहाला बोलावलेल्या बायका एल्सीला बघून गोड हसायच्या आणि लांबूनच मान डोलवायच्या. एकदा एल्सी भर दिवाणखान्यात ओरडली, "मना न्हाय खायाचा ह्यो पाव!" मडम लाजेनं लाल झाली. बायकांनी कौतुकानं विचारलं, मुलगी फ्रेंच शिकतेय का?

मग बाथ. मडमेच्या पसंतीचं. तिथं जमिनीतून आपोआप ऊन पाणी येतं, आपल्या वज्रेश्वरीसारखं. मावशीनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि देऊळ शोधू लागली. देऊळ कुठलं! लोक पेल्यातून ते पाणी पीत होते आणि तोंड वाकडं करत होते. "धरतीच्या पोटातनं ऊन पानी, आनि म्होरं येक पनती न्हाय!" हे तिला मरेपर्यंत खरं वाटलं नाही.

मग बोर्नमथ. समुद्र होता, पण त्याला काही काम नव्हतं. लोक खुर्च्यांत बसून त्याच्याकडं नुसते बघायचे.

साहेब-मडमेचं जमेना. शेवटी एका सकाळी मडम वैतागून म्हणाली, "ठमी, तूच विचार तुझ्या देवीला!"

ती थट्टेनं म्हणाली असेल. मावशीनं आंघोळ केली, तांदळाच्या राशीवर टाक उभा केला आणि पाण्याचं बोट लावून त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आपल्याकडं वाऱ्यानं पाणी सुकतं आणि घटकाभरात कौल मिळतो. तिथल्या दमट गारठ्यात पाणी सुकेचना. सकाळची दुपार झाली, दुपारचा चहा झाला, पाकळ्या जशाच्या तशा. साहेब दोनदा येऊन वाकून बघून गेला.

मावशी हबकली. देवी रागावली असं नाही. तिला वाटलं, देवीची हद्द संपली. इथलं इथल्याच कुणाला तरी विचारायला हवं.

त्या आठवड्यात साहेबाला एका म्हाताऱ्या आत्याला भेटायला पूर्व किनाऱ्यावरच्या व्हिटबीला जायचं होतं. त्या गावात राहायचं कुणाच्या मनातही नव्हतं. संध्याकाळी पोचले, निजले. पहाटे एल्सीनं मावशीला हलवलं. "मावशे, वास येतोय. आपला वास."

दोघी खाली धक्क्यावर गेल्या आणि मावशी जागच्या जागी उभी राहिली.

समुद्रातून सूर्य वर येत होता. आमच्या थळला सूर्य समुद्रात बुडतो. जन्मभर तेवढंच पाहिलेलं. आणि इथं तोच सूर्य पाण्यातून निथळत बाहेर येतोय! मावशीच्या तेव्हाच लक्षात आलं की थळला बुडालेला सूर्य जातो कुठं. तो हा इथं निघतो. पुढं शाळेतल्या मास्तरांनी तिला गोल पृथ्वीचं पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "मास्तर, तुमी वाचलंय. म्या बघितलंय."

त्या उजेडात होड्या लागत होत्या आणि बायका ओळीनं बसून मासळी साफ करत होत्या. धिप्पाड, बाह्या सारलेल्या, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, सुरी लागू नये म्हणून. तोंडानं भांडण, हातानं काम. एक तर चालता चालता मोजा विणत होती, हाताकडं न बघता. "ताय," मावशी आईला सांगे, "रंग सोडला तं समद्या आपल्याच."

मावशी बघत राहिली आणि एल्सी धावत धक्क्याच्या अगदी कडेला गेली. खाली खोल पाणी. मावशीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यातली एक बाई उठली, दोन ढांगांत पोचली, पोरीचा कान धरून तिनं तिला मागं ओढलं आणि आपल्या भाषेत असं काही झापलं की ऐकायची सोय नाही. मग स्वतःच्या बोटाची चिंधी सोडून एल्सीच्या बोटाला बांधली आणि तिला शेजारी बसवून घेतलं. तिचं नाव नॅन.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी गावं पाहिली, सगळ्यांनी पोरीकडं बघून मान डोलवली. कान कुणी धरला नव्हता.

ती तशीच आत्याच्या घरी पळाली, पेटीतल्या डब्यातून ताटलीत मूठभर सुके बोंबील घेतले आणि आणून नॅनपुढं ठेवले. नॅननं वास घेतला, नाक मुरडलं, एक चावून बघितला आणि हसून साऱ्या जणींना हाक मारली. बोंबील गट्ट झाले. आता मावशीचे डोळे ताटलीवर. ताटली रिकामी परत येते की काय?

नॅननं चार ताजे, चांदीसारखे चकाकणारे मासे ताटलीत टाकले आणि उजव्या हातानं पुढं केले.

तेवढ्यात मडम हाशहुश करत येऊन पोचली. एल्सीचा लाल कान बघून तिचा पारा चढला. "हे कुणी केलं?"

"मडमबाय, रागावू नका," मावशी म्हणाली. "हितंच ऱ्हावा."

"का? तुझी देवी बोलली?"

"देवी गप हाय. पन ह्ये बघा." आणि तिनं ताटली पुढं केली.

मडमेनं ताटली हातात घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "किहीमला पहिल्या दिवशी मी दार लावून रडत होते, ठमी. तेव्हा तू ताट घेऊन आलीस." एवढं बोलून ती तिथंच, मासळीच्या पाण्यात, नॅनशेजारच्या खोक्यावर बसली. चांगल्या झग्यानिशी.

घर व्हिटबीलाच घेतलं. साहेब म्हणे, हवा चांगली म्हणून. मडम म्हणे, आत्या जवळ म्हणून. पोर धक्क्यावर रुळली, नॅनच्या भाषेत भांडू लागली, आणि मावशीची परतायची वेळ झाली. निघताना एल्सी म्हणाली, "मना पन ने." मावशीनं तिचा हात नॅनच्या हातात दिला. नॅननं तो घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं मावशीच्या गळ्यात स्वतः विणलेला निळा लोकरीचा गुलुबंद घातला.

थळच्या उकाड्यात गुलुबंद कोण घालणार! मावशीनं तो देव्हाऱ्यात टाकाखाली अंथरला. संध्याकाळी सूर्य बुडायला लागला की ती पुळणीवर उभी राहून म्हणे, "जा बाबा, पोरीला उठीव."

आणि दर वर्षी नारळी पुनवेला ती कौल लावायची. पोर बरी आहे ना? थळचा वारा, घटकाभरात पाकळी पडायची. उजवी पडली की गूळ वाटायची. डावी पडली तर म्हणायची, "देवीला नीट ऐकू गेलं न्हाय." आणि नवीन पाकळी घेऊन पुन्हा लावायची, उजवी पडेपर्यंत.