क्रमांक चारशे सतराचा पाहुणा

चाकणच्या शाळेतले ज्योतीराम गुरुजी म्हणजे घड्याळाला सदरा-टोपी घातलेली, असं गाव म्हणायचं. सातवीच्या फायनल परीक्षेला ते वर्गावर आले, की पोरं टाक-दौत मांडून ताठ बसायची. शिपाई कोंडाजीनं टोल दिला रे दिला, की गुरुजींचा हात पेपरावर पडलाच म्हणून समजा.

"गुरुजी, एकच ओळ!"

"टोल पडला. आता काना नाही, मात्रा नाही."

संपलं. पुढं बोलायची सोय नव्हती. पण खरं सांगायचं तर त्यात दुष्टपणा नव्हता हो. एकाला एक ओळ जास्त दिली तर बाकीच्या पोरांवर अन्याय झाला, एवढा सरळ त्यांचा विचार. आणि अशा या नाकासमोर चालणाऱ्या माणसाच्या जिवाला आठ वर्षं एका अर्ध्या वाक्याचा घोर लागला होता, हे त्यांच्या बायकोला, कौशल्याबाईंना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचं झालं असं. सन एक्कावन्नच्या उन्हाळ्यात तालुक्यातले निवडक मास्तर खेडला पेपर तपासायला बसले होते. आपल्या केंद्राचे पेपर आपल्याकडे यायचे नाहीत, अशी व्यवस्था असायची. वर नाव झाकलेलं, नुसता क्रमांक दिसायचा. निबंधाला पंचवीस गुण, आणि ते कशाला किती द्यायचे याचा छापील तक्ता प्रत्येकाच्या पुढ्यात. विचारांना इतके, भाषेला इतके, अक्षराला इतके आणि शेवटाला पाच. मुख्य परीक्षक नानासाहेब पहिल्या दिवशी एकच निबंध सगळ्यांना तपासायला देत. ज्याचे गुण फार वरखाली झाले, त्याला पुन्हा बसवत. "पोराचा पेपर कुणाच्याही हातात पडो, माप एकच पाहिजे," असं म्हणत. गुरुजींचं माप कधी चुकलं नाही.

त्या साली एक परीक्षक तापानं आडवा झाला आणि त्याचा गठ्ठा घाईत बाकीच्यांत वाटून टाकला. गुरुजींच्या वाट्याला जे पेपर आले, त्यात चारशे सतरा होता.

विषय होता 'आमच्या घरी आलेला पाहुणा'. आता तुम्हीच सांगा, खेड्यातल्या पोराच्या घरी येऊन येऊन कोण येणार? सत्तर पोरांनी मामाच आणला होता. मामानं खाऊ आणला, मामा गेला, सगळ्यांना वाईट वाटलं. गुरुजी जांभया देत लाल शाई ओढत होते. तेवढ्यात हे समोर आलं:

"दुपारी आमच्या घरी एक पाहुणा आला. त्याच्या खांद्यावर पत्र्याची पेटी होती. आजीने त्याला ओळखले. आईने ओळखले. मी ओळखले नाही. ते लढाईवर गेलेले माझे वडील होते. ते घोंगडीच्या कडेवर बसले. पाणी कुठे ठेवता, असे त्यांनी विचारले. आपल्याच घरात असे कोणी विचारते का? संध्याकाळी त्यांनी पेटी उचलली. ते उंबऱ्यापाशी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले,"

स्वल्पविराम. पुढं कोरा कागद.

गुरुजींनी पान उलटलं. परत सुलटं केलं. पेपर झटकून बघितला, कुठं पुरवणी चिकटली असेल म्हणून. काही नाही! अहो, काय म्हणाले?

गुरुजींना ते वाक्य का हवं होतं, तेही सांगून टाकतो. ते स्वतः सहा वर्षांचे असताना पायरीवर बसून भाकरी खात होते. बाप घरातून निघाला, उंबऱ्यापाशी थांबला, त्यांच्याकडे बघितलं, पागोटं नीट केलं आणि चालता झाला. शब्द नाही. परत आला नाही. पुढं आई गेली, गुरुजी शिकले, मास्तर झाले, डोक्यावरचे केस पांढरे झाले, तरी भाकरीचा तुकडा हातात धरलेलं ते पोर आत बसून होतं. बापानं दोन शब्द बोलायला काय हरकत होती? शिवी दिली असती तरी चाललं असतं. आणि इथं कुणाचा तरी बाप तोंड उघडतोय, तर पुढचा कागद कोरा!

त्यांनी शेवटाचे पाच कापले आणि बाकी विसापैकी एकोणीस दिले.

"शेवट नाही आणि एकोणीस?" नानासाहेब म्हणाले.

"तक्त्याप्रमाणेच दिलेत, साहेब. वाचून बघा."

नानासाहेबांनी वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली. मग गुरुजींनी आयुष्यात एकदाच नियम मोडला. तो निबंध आपल्या वहीत उतरून घेतला.

तेव्हापासून त्यांना नाद लागला. अक्षर ध्यानात होतं. ळ असा काढलेला, की वेणीच्या शेवटाला घट्ट गाठ मारावी. जुन्नरला जावोत, मावळात जावोत, तिथल्या शाळेत गुरुजी फळ्यावरचं अक्षर बघत, वह्या चाळत, कुणाचं पत्र दिसलं तर वाकून बघत. लोकांना वाटायचं, मास्तर चौकस आहे. कौशल्याबाई ताट वाढताना विचारायच्या, "सापडला का तुमचा पाहुणा? का त्याचं पान झाकून ठेवू?" सुरुवातीला थट्टा असायची. पुढं पुढं त्या नुसतं विचारायच्या.

एकोणसाठच्या जूनमध्ये शाळा सुटायच्या वेळेला एक तरणी बाई मुलीचं नाव घालायला आली. माहेर भामा नदीकाठचं, नवरा पिंपरीच्या कारखान्यात. गुरुजींनी सवयीनं अंगठ्याची शाई पुढं सरकवली.

"सही करते मी," ती म्हणाली आणि लिहिलं, पुतळाबाई.

गुरुजींनी त्या ळ कडे बघितलं आणि त्यांच्या हातातला टीपकागदाचा ठोकळा खाली पडला.

"बाई, तुम्ही फायनल दिली होती?"

"व्हय. पास बी झाले. म्होरं कोन धाडतंय?"

"कुठल्या केंद्रावर?"

"हितंच की, चाकणाला."

घ्या! काखेत कळसा आणि मावळाला वळसा. गुरुजींनी कपाटातून वही काढली आणि वाचायला लागले. पत्र्याची पेटी आली, घोंगडी आली, तसा पुतळाबाईनं पदर तोंडावर धरला.

"काय म्हणाले गं ते, पोरी? उंबऱ्यापाशी. आठ वर्षं शोधतोय मी तुला."

तिनं पदर खाली घेतला.

"त्ये आलंच न्हाईत, गुरुजी," मग ती म्हणाली. "लढाईवर गेलं ते गेलंच. आमच्याकडं कोन येतंय पाहुना? म्हनून म्या मनानंच त्यास्नी आणलं. उंबऱ्यापातुर आणलं, आन् आता ह्ये मला काय म्हनतील, त्येच सुचंना. लई येळ टाक हातात धरून बसले. मंग सुचल्यागत झालं, आन् तुमी कागद वढला."

"मी?"

"तुमीच की. म्या म्हनलं बी, गुरुजी, एकच ओळ."

गुरुजी खुर्चीत बसले.

"सुचलेलं ते काय होतं?"

"त्येच तर! घरी जाईस्तवर डोक्यातनं गेलं. लई आठवून बघितलं. अजून बी भाकरी थापताना मधीच थांबते मी."

मग गुरुजी बोलले. कौशल्याबाईंना सोडून कुणाला न सांगितलेलं त्या परक्या बाईला सांगितलं. पायरी, भाकरी, पागोटं, सगळं. "माझा बाप एक शब्द बोलला नाही गं," म्हणाले, आणि एवढा करडा माणूस, डोळे भरून आले.

पुतळाबाईनं मुलीला जवळ ओढलं.

"त्यास्नी बी सुचलं नसंल, गुरुजी," ती म्हणाली. "सुचंस्तवर टोल पडला असंल."

बाहेर कोंडाजी हातोडी घेऊन आला. शाळा सुटायची वेळ झाली होती. गुरुजींनी वही तिच्यापुढं सरकवली, स्वल्पविरामापुढची कोरी जागा बोटानं दाखवली, दौत उघडून दिली.

"लिही."

तिनं टाक बुडवला आणि तसाच धरून बसली. कोंडाजीनं दारातून विचारलं, "देऊ का टोल?"

"थांब जरा," गुरुजी म्हणाले. "तिचं व्हायचंय अजून."