महाबळेश्वरचे कंद आणि फलटणचे पोहे

"दारात ती नारिंगी फुलं बघितल्याबिगर मी काय मरत न्हाई," माझी थोरली बहीण, म्हसवडची आक्का, म्हणाली.

"मग नेऊच नका की," आमच्या मंडळींनी सुचवलं. "शंभर वर्षं जगतील!"

पण मी शब्द दिला होता. थंडीत, कंद काढायच्या दिवसांत, सांगलीहून एसटी धरली. ज्येष्ठांना अर्धं तिकीट; आधारकार्ड वरच्या खिशात ठेवा, नाहीतर कंडक्टरसमोर बनियनपर्यंत चाचपावं लागतं. साताऱ्याला गाडी बदलून मेढ्याच्या रस्त्यानं महाबळेश्वर. घाटात तोंडात आल्याचा तुकडा हवाच.

आक्काला एका हॉटेलच्या कुंपणाला दिसलेली ही फुलं म्हणजे क्रोकोस्मिया. पानं तलवारीसारखी, पंख्यागत एकात एक बसलेली. घराणं आयरिसचं, म्हणून पुंकेसर तीनच. लिलीला सहा असतात. हे त्या हॉटेलच्या माळ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मोजतंय कोण? लोक सेल्फी काढत्यात."

खरी मौज जमिनीखाली. यंदाचा गुबगुबीत कंद वर, त्याच्याखाली गेल्या वर्षीचा, त्याखाली त्याच्याही आधीचा. लेक आईच्या डोक्यावर, आई आजीच्या, आजी पणजीच्या! माळ्यानं अशा दोन माळा उपटून दिल्या.

मुक्कामाला फलटणला, मेव्हणी शकूकडे. तिनं पिशवी घेतली. "दाजी, काय हाय यात?"

"कंद. जपून ठेव."

"व्हय, व्हय."

सकाळी पोह्यांचा पहिलाच घास चावता चावेना. शकू म्हणाली, "दाजी, तुमचं महाबळेश्वरचं कांदं लय चिवट!"

फोडणीत क्रोकोस्मिया! घास थुंकला, खळखळून चूळ भरली. (तुम्ही चव बघू नका, हे खायचं झाड नव्हे.) पण आक्काला आता तोंड कसं दाखवायचं?

"सगळे चिरलेस?"

"वरचं गुबगुबीत तेवढं चिरलं. खालचं वाळकं उकिरड्यावर फेकलं."

माझा जीव भांड्यात पडला. लेक डोक्यावर बसलीय तोवर म्हाताऱ्या झोपून असतात. सुट्या केल्या की त्यांनाही कोंब येतो. आम्ही दोघं उकिरड्यात उतरलो.

शेजारीण डोकावली. "आवं, सोनं हरवलं काय?"

"न्हाई, दाजींची पणजी!" शकू म्हणाली.

आजी-पणज्या सापडल्या. दहिवडीमार्गे म्हसवडला नेल्या आणि मोरीच्या पाण्याच्या ओलाव्याला, कडुनिंबाच्या सावलीत लावल्या.

"असलं सुरकुतलेलं रं?" आक्कानं नाक मुरडलं.

"तुझ्याच वयाचे आहेत." लेक आईच्या डोक्यावर कशी बसते ते सांगितलं, पोह्यांची गोष्ट तेवढी गिळली.

सांगलीला परतलो. पहिल्या पावसाळ्यात फोन आला, "नुसत्या तलवारी आल्यात. लढाईला जाऊ व्हय?" मी धीर धर म्हणालो, माझाच सुटत चालला होता.

यंदा श्रावणात फोटो आला. वाकलेल्या दांड्यावर बुडापासून शेंड्याकडे उमलत गेलेली नारिंगी फुलं, मागे आक्काचं बोळकं. मी लगेच फोन लावला.

"झालं ना मनासारखं?"

"झालं की. आता हिच्या डोक्यावर बसलेली लेक फुलल्याबिगर मी काय मरत न्हाई."